आउटलुकमधून मेल जाते, सर्व्हरवरून जात नाही: धंतोलीतल्या एका लॅबचं प्रकरण

नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जुनी लिनक्स मशीन काढून नवी बसवली, आणि दुसऱ्या दिवसापासून एकही रिपोर्ट मेलने बाहेर पडेना. कामठी, वाडी आणि मानेवाडा इथल्या कलेक्शन सेंटरांवरून नमुने येतात, तपासण्या होतात आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडम रिपोर्टवर सही टाकतात. सॉफ्टवेअर त्याची पीडीएफ बनवून एमएसएमटीपी नावाच्या छोट्या प्रोग्रामकडे देतं. तो प्रोग्राम मेल-सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी ५८७ पोर्टवर, म्हणजे मेल द्यायच्या ठरलेल्या दारावर, बोलून मेल रवाना करतो. हा शेवटचा टप्पाच अडला होता.

मॅनेजरचा फोन आला. “भाऊ, काउंटरच्या आउटलुकमधून मेल जाऊन राहिल्या, वेबमेल उघडून राहिलं, फक्त या नव्या मशीनवरूनच जाऊन नाही राहिल्या. जुन्या मशीनवर जसं होतं तसंच करून द्या ना.”

एकाच सर्व्हरशी आउटलुकचं जमतं आणि लिनक्सचं जमत नाही, हे कोडं होतं. पण मला जास्त खटकली ती मागणी. जुन्या मशीनवर नेमकं काय होतं हे बघितल्याशिवाय ‘तसंच’ करून देणं शक्य नव्हतं.

जुन्या मशीनवर काय होतं

नव्या मशीनच्या लॉगमध्ये कारण स्पष्ट होतं: सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, पडताळणी झाली नाही, ते देणारा ओळखीचा नाही. मी आधी मशीनचं घड्याळ बघितलं. मदरबोर्डची बॅटरी संपून तारीख मागे गेली, तर चांगलं सर्टिफिकेटही ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारलं जातं. घड्याळ बरोबर होतं. मग जुन्या मशीनवरची एमएसएमटीपीची कॉन्फिग फाइल उघडली. तिच्यात ‘टीएलएस ऑन’ (जोडणी एन्क्रिप्ट करा, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही) या ओळीखाली दुसरी ओळ होती: ‘टीएलएस_सर्टचेक ऑफ’, म्हणजे सर्टिफिकेट तपासू नका. फाइलमध्ये शेवटचा बदल झाला होता ऑक्टोबर २०२१ च्या सुरुवातीला.

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ही तारीख लगेच ओळखू येईल. मेल कंपनी वापरते ती लेट्स एन्क्रिप्टची, म्हणजे फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची, सर्टिफिकेटं सुरुवातीच्या काळात आयडेनट्रस्ट कंपनीच्या ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या जुन्या रूटच्या आधाराने सगळीकडे मानली जात होती. रूट म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीची मानली जातात ते सगळ्यात वरचं सर्टिफिकेट, आणि प्रत्येक मशीनमध्ये अशा रूटांची यादी असते. त्या जुन्या रूटची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं ‘आयएसआरजी रूट एक्स१’ तोवर बहुतेक याद्यांमध्ये पोचलेलं होतं, त्यामुळे अडचण यायला नको होती. पण प्रोग्रामांसाठी सर्टिफिकेट तपासणाऱ्या ओपनएसएसएल १.०.२ आणि त्या काळातल्या जीएनयूटीएलएस या लायब्ररींना दुसरा चांगला रस्ता समोर असूनही मुदत संपलेल्या रूटचाच रस्ता धरायची खोड होती. लॅबची जुनी मशीन उबंटू १६.०४ ची होती, आणि त्या आवृत्तीचा मोफत आधार एप्रिल २०२१ मध्येच संपलेला होता. दुरुस्तीचं अपडेट तिच्यापर्यंत आलंच नाही. १ ऑक्टोबरला मेल बंद पडली असणार आणि कुणीतरी पडताळणीच बंद करून ती चालू केली असणार.

त्या दिवशीचा योग्य उपाय जेमतेम एका ओळीचा होता. रूटांची यादी ठेवणाऱ्या सीए-सर्टिफिकेट्स पॅकेजच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या एका जुन्या रूटच्या नावाआधी उद्गारचिन्ह टाकायचं आणि यादी पुन्हा तयार करायची कमांड चालवायची. मुदत संपलेलं रूट यादीतून जातं, नवं तिथे असतंच, आणि पडताळणी पुन्हा सुरळीत होते. त्याऐवजी त्या दिवसापासून मशीन बदलेपर्यंत लॅबचे सगळे रिपोर्ट समोर कोण आहे हे न विचारता जात राहिले.

मॅडमना दाखवलं ते

मॅडमचा प्रश्न अगदी रास्त होता. “टीएलएस तर चालू होतं ना? मेल एन्क्रिप्ट होऊनच जात होती, मग बिघडलं काय?”

एन्क्रिप्शनमुळे वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण पलीकडच्या टोकाला कोण बसलं आहे हे फक्त सर्टिफिकेट सांगतं. तोंडी समजावण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. त्यांच्या परवानगीने मी माझ्या लॅपटॉपवर एक खोटा मेल सर्व्हर उभा केला आणि त्याच्यासाठी मिनिटभरात स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट बनवलं. मग लॅबच्या राउटरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नाव आणि पत्त्याच्या नोंदवहीत, मेल सर्व्हरच्या नावापुढे माझ्या लॅपटॉपचा पत्ता टाकला. जुनी मशीन पुन्हा चालू करून तिच्यावरून एका नकली पेशंटचा रिपोर्ट पाठवला.

जुन्या मशीनने काहीच कुरकुर केली नाही. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत ‘ऑथ प्लेन’ आणि त्यापुढे बेस६४ मधली एक लांबलचक ओळ आली. ती उलगडली तर लॅबचा मेल आयडी आणि पासवर्ड जसाच्या तसा समोर आला. पाठोपाठ पीडीएफही आली. मग हाच रिपोर्ट नव्या मशीनवरून पाठवला. तिने सर्टिफिकेट बघितलं आणि पासवर्डचं एक अक्षरही न देता जोडणी तोडली.

मॅडम बराच वेळ त्या ओळीकडे बघत होत्या. या लॅबमधून एचआयव्हीचे, गरोदरपणाचे, बायॉप्सीचे रिपोर्ट जातात. राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवलेला होता, आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वायफायही त्याच राउटरवरून मिळत होतं. राउटरमध्ये शिरायला फार हुशार माणूस लागला नसता. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा अशी माहिती सांभाळायची जबाबदारी लॅबवर टाकतो. पण मॅडमनी कायद्याचं नावही काढलं नाही. “माझ्या पेशंटचं आहे हे,” एवढंच म्हणाल्या, आणि ‘जुन्यासारखं करून द्या’ हा विषय तिथेच संपला. मेलचा पासवर्ड त्याच दुपारी बदलला. राउटरचा पासवर्ड बदलला आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं.

आउटलुकचं कोडं

आता मूळ बिघाड. ओपनएसएसएलचं एस_क्लायंट हे सर्व्हर तपासायचं साधन घेऊन, मेलची जोडणी टीएलएसवर न्यायला सांगून (स्टार्टटीएलएस), ‘शोसर्ट्‌स’ लावून सर्व्हर काय पाठवतो ते बघितलं. साखळीत एकच सर्टिफिकेट आलं, शून्य क्रमांकाचं, म्हणजे सर्व्हरचं स्वतःचं. शेवटी पडताळणीचा कोड २१: पहिल्याच सर्टिफिकेटची खातरजमा करता येत नाही.

रूट संस्था सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर थेट सही करत नाही. रूट इंटरमीजिएटवर, म्हणजे मधल्या सर्टिफिकेटवर, सही करतं आणि इंटरमीजिएट सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर, ही झाली साखळी. तुमच्या मशीनच्या यादीत फक्त रूट असतं, त्यामुळे मधला दुवा सर्व्हरनेच सोबत पाठवायचा असतो. एखाद्या दाखल्यावर नायब तहसीलदाराची सही आहे, जिल्हाधिकाऱ्यांना तुम्ही ओळखता, पण या माणसाला नायब तहसीलदार नेमल्याचा कागदच जोडलेला नाही, तशी ही गत.

मग आउटलुकचं का चाललं? सर्टिफिकेटमध्ये ‘ऑथॉरिटी इन्फर्मेशन अ‍ॅक्सेस’ नावाचा रकाना असतो आणि त्यात इंटरमीजिएट कुठे मिळेल याचा पत्ता असतो. विंडोज तो पत्ता वाचून गायब कागद स्वतः आणतं. वेबमेलचा यात संबंधच नव्हता, कारण ते दुसऱ्याच सर्व्हरवर होतं आणि त्याची साखळी पूर्ण होती. ओपनएसएसएल किंवा जीएनयूटीएलएस वापरणारे एमएसएमटीपी, फेचमेल, पोस्टफिक्ससारखे प्रोग्राम मात्र असा कागद शोधायला जात नाहीत. सर्व्हरने पाठवलं आणि यादीत आहे, तेवढ्यावर निर्णय घेतात. म्हणून मेल कंपनीच्या बहुतेक ग्राहकांना काही कळलंच नव्हतं, आणि दोष आपल्या नव्या मशीनचा वाटत होता.

कंपनीच्या सपोर्टचं पहिलं उत्तर आलं: तुमच्याकडे सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन बंद करा. हे उत्तर वाचून मला खरंच वाईट वाटतं. ज्याने ग्राहकाला राखायचं त्यानेच कुलूप काढायला सांगावं, हे बरं नाही. मी एस_क्लायंटचं पूर्ण आउटपुट पाठवलं आणि सोबत अंदाजही लिहिला. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं आणणारा सर्टबॉट हा प्रोग्राम प्रत्येक नूतनीकरणात ‘सर्ट’ आणि ‘फुलचेन’ अशा दोन वेगळ्या फाइली ठेवतो. पहिलीत फक्त सर्व्हरचं सर्टिफिकेट असतं, दुसरीत इंटरमीजिएटसकट सगळं. तुमच्या सर्व्हरला पहिली फाइल जोडलेली दिसते, दुसरी जोडा. तक्रार वरच्या माणसाकडे गेली आणि अंदाज बरोबर निघाला. पण दुरुस्ती व्हायला काही दिवस जाणार होते, आणि रिपोर्ट तर रोजचे.

मधल्या दिवसांचा बंदोबस्त

पडताळणी बंद करायची नाही हे ठरलेलं होतं. एमएसएमटीपीमध्ये सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्या एकाच सर्टिफिकेटला जुळणारी खूण, नोंदवता येतो. ते सुरक्षित आहे, पण लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. ते बदललं की फिंगरप्रिंट बदलतो आणि मेल पुन्हा बंद. सर्टिफिकेटांच्या मुदती तर आणखी घटत चालल्या आहेत. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरमच्या ठरावाप्रमाणे मार्च २०२९ पासून कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. माणसाने हाताने फिंगरप्रिंट बदलत बसण्याचे दिवस संपले.

म्हणून गायब इंटरमीजिएट आपणच द्यायचं ठरवलं. ते लेट्स एन्क्रिप्टच्या स्वतःच्या साइटवरून उतरवलं. मेल सर्व्हरकडून किंवा कुणी मेलने पाठवलेलं घ्यायचं नाही. मशीनच्या यादीतल्या रूटशी ओपनएसएसएलच्या ‘व्हेरिफाय’ कमांडने ताडून बघितलं आणि ‘ओके’ आल्यावरच सिस्टीमच्या यादीची एक वेगळी प्रत करून तिच्यात टाकलं. एमएसएमटीपीच्या ‘टीएलएस_ट्रस्ट_फाइल’ या ओळीत त्या वेगळ्या फाइलचा पत्ता दिला.

फाइल वेगळी ठेवण्यामागे कारण आहे. ओपनएसएसएल इंटरमीजिएटला नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त साखळीतला दुवा मानतं आणि रूटपर्यंत जातंच. जीएनयूटीएलएसच्या यादीत तुम्ही जे टाकाल ते थेट विश्वासाचं टोक होतं, त्याच्या वर कोण आहे हे ते बघत नाही. म्हणजे तात्पुरती सोय विसरली तर ती कायमची सूट होते. शिवाय लेट्स एन्क्रिप्टने जून २०२४ पासून इंटरमीजिएट फिरते ठेवले आहेत, पुढचं सर्टिफिकेट कुठल्या इंटरमीजिएटचं येईल सांगता येत नाही. त्यामुळे त्या फाइलच्या पहिल्या ओळीत टिप्पणी लिहिली: ही फाइल कशासाठी, कधी काढायची.

इथे मॅनेजरने एक चांगला प्रश्न विचारला. यादीत शंभराहून जास्त रूट आहेत, आपल्याला एकच लागतं, मग बाकीचे ठेवायचे कशाला? शंका बिनबुडाची नाही. जुलै २०१४ मध्ये भारतातच एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं होतं. तिच्या वरचं, सरकारच्याच कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीजचं रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, त्यामुळे विंडोजच्या यादीवर चालणाऱ्या प्रोग्रामांना ती खरी वाटली असती. फायरफॉक्सची यादी वेगळी असल्यामुळे तो त्यातून वाचला. यादी छोटी तर धोका छोटा, हे खरं. पण या लॅबकडे रोज बघणारा सिस्टीमचा माणूस नाही. मेल कंपनीने उद्या सर्टिफिकेट दुसऱ्या संस्थेकडून घेतलं तर रिपोर्ट अडतील, आणि अडले की कुणीतरी पुन्हा ‘सर्टचेक ऑफ’ करेल. माझ्या मते इथे उबंटूची पूर्ण यादी, वेळच्या वेळी अपडेट होणारी, हीच जास्त सुरक्षित. बँकेसारख्या ठिकाणी मी उलटा सल्ला दिला असता.

नाव जुळेना

इंटरमीजिएट टाकलं आणि एस_क्लायंटने शून्य कोड दिला, सगळं ठीक. एमएसएमटीपी तरीही अडला, आता तक्रार नावाची. एस_क्लायंट तुम्ही ‘व्हेरिफाय_होस्टनेम’ सांगितल्याशिवाय नाव तपासतच नाही. शून्य कोडवर खूश होऊन थांबलात तर अर्धीच तपासणी झालेली असते.

कॉन्फिगमध्ये सर्व्हरचं नाव होतं ‘मेल’ आणि पुढे लॅबचं स्वतःचं डोमेन. डीएनएसमध्ये ते सीनेमने, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या नोंदीने, मेल कंपनीच्या सर्व्हरकडे वळवलेलं. सर्टिफिकेटवर नाव फक्त मेल कंपनीचं. मॅनेजरचं म्हणणं, डीएनएस तर तिकडेच नेऊन राहिलं. पण प्रोग्राम तुम्ही दिलेलंच नाव सर्टिफिकेटच्या ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ रकान्यात शोधतो. डीएनएसने नेलेल्या नावावर भरवसा ठेवला असता, तर माझ्या लॅपटॉपनेही त्याला हवं ते नाव दाखवलं असतं. कॉन्फिगमध्ये मेल कंपनीने दिलेलं खरं होस्टनेम टाकलं आणि पहिला रिपोर्ट गेला.

स्कॅनर

रिपोर्ट सुरू झाले तेव्हा काउंटरवरच्या ताई म्हणाल्या की स्कॅनरवरूनही मेल जात नाही, आणि हे जुनंच दुखणं आहे. सेंटरवरून आलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्या मोठ्या कॉपिअरवर स्कॅन करून मेल करायच्या. ते बंद पडल्यावर मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होत्या.

मशीन जुनी, फर्मवेअरला नवं अपडेट नाही, तिच्या यादीत आयएसआरजी रूट एक्स१ नाही. पॅनलवर दोनच गोष्टी होत्या: पडताळणी चालू-बंद, आणि सीए सर्टिफिकेट चढवायची सोय. मूळ रूट चढवून बघितलं, मशीनने नाकारलं. ते ४०९६ बिटांच्या चावीचं आहे आणि कॉपिअरला २०४८ च्या वर पेलत नाही.

मग नव्या लिनक्स मशीनवरच पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर बसवला. तो फक्त लॅबच्या आतल्या नेटवर्कवर, फक्त कॉपिअरच्या पत्त्याकडून मेल घेतो. त्याच्यासाठी लॅबचं स्वतःचं छोटं रूट बनवलं, २०४८ बिटांचं, त्याच्याखाली पोस्टफिक्सचं सर्टिफिकेट, आणि हे रूट डीईआर स्वरूपात कॉपिअरवर चढवलं. कॉपिअरमध्ये सर्व्हरचा आयपी नाही तर सर्टिफिकेटवरचंच नाव टाकलं, आणि ते नाव राउटरच्या डीएनएसमध्ये नोंदवलं. रूटची चावी पेनड्राइव्हवर घेऊन मॅडमच्या कपाटात ठेवली, सर्व्हरवर ठेवली नाही. हे रूट लॅबच्या बाकी कॉम्प्युटरांवर मुद्दाम चढवलं नाही. ती चावी कुणाच्या हाती लागली तर तो बँकेच्या नावाचंही सर्टिफिकेट बनवू शकेल, आणि ज्या मशीनवर हे रूट आहे ती ते मानेल.

बाहेरच्या बाजूला पोस्टफिक्स मेल कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. ‘एन्क्रिप्ट’ पातळीवर (एन्क्रिप्ट करा, ओळख तपासलीच पाहिजे असं नाही) आणि सीएफाइल, म्हणजे रूटांची यादी, न देता लावून बघितलं तर लॉगमध्ये ‘अनट्रस्टेड टीएलएस कनेक्शन’ अशी नोंद झाली आणि मेल तरीही निघून गेली. पोस्टफिक्स सिस्टीमची यादी आपणहून घेत नाही, ‘एसएमटीपी_टीएलएस_सीएफाइल’मध्ये तिचा पत्ता द्यावा लागतो. सर्व्हरची साखळी अजून अपुरी होती, म्हणून मधल्या दिवसांपुरता इथेही आमच्या वेगळ्या फाइलचा पत्ता दिला. पातळी ‘सिक्युअर’ (ओळख पटली तरच पाठवा) केली, रिलेहोस्टचं, म्हणजे मेल ज्याच्याकडे द्यायची त्या सर्व्हरचं, नाव चौकोनी कंसात लिहिलं म्हणजे एमएक्स (डोमेनची मेल कुठे द्यायची ती डीएनएसमधली नोंद) शोधलं जात नाही. मग लॉगमध्ये ‘व्हेरिफाइड’ आलं. पोस्टफिक्सवाल्यांनी आपल्या लॉगमध्ये हे दोन शब्द आजच शोधून बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

सगळेच रिपोर्ट पोस्टफिक्समधून का पाठवत नाही, असं मॅनेजरने विचारलं. पोस्टफिक्स अडलेली मेल रांगेत ठेवून गुपचूप पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. एमएसएमटीपी अडला तर सॉफ्टवेअरच्या पडद्यावर त्याच क्षणी लाल खूण येते आणि ताई पेशंटला फोन करू शकतात. रिपोर्टसाठी मला ती लाल खूण हवी होती.

मेल कंपनीच्या सर्व्हरपासून पुढे पेशंटच्या मेलबॉक्सपर्यंतचा रस्ता लॅबच्या हातात नाही. सर्व्हर ते सर्व्हर २५ पोर्टवर समोरच्याची ओळख बहुतेक वेळा तपासली जात नाही. त्यासाठी डेन आणि एमटीए-एसटीएस या पद्धती आहेत, पण ते दोन्ही टोकांनी लावावे लागतात. म्हणून मॅडमनी पीडीएफला पासवर्ड लावायचं ठरवलं, आणि संवेदनशील तपासण्यांचे रिपोर्ट मेलने न पाठवता हातातच द्यायचे.

मेल कंपनीने फुलचेन फाइल जोडल्यावर एस_क्लायंटमध्ये साखळी पूर्ण दिसली. आमची वेगळी फाइल काढली, ‘टीएलएस_ट्रस्ट_फाइल’ पुन्हा ‘सिस्टीम’वर नेली, पोस्टफिक्सलाही सिस्टीमच्या यादीचा पत्ता दिला आणि मॅडमच्या सहीचा एक खरा रिपोर्ट पाठवून बघितला. तो गेला. राउटरच्या डीएनएसमध्ये माझ्या लॅपटॉपची नोंद राहिलेली नाही हे पुन्हा तपासलं. जुन्या मशीनची डिस्क पुसून टाकली. आता एक छोटी स्क्रिप्ट रोज पहाटे एस_क्लायंटने साखळी, नाव आणि उरलेले दिवस तपासते. पंधरा दिवसांपेक्षा कमी उरले, किंवा पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये ‘अनट्रस्टेड’ दिसलं, तर मॅनेजरच्या मोबाइलवर एसएमएस येतो.